नऊ माणसांचा कारखाना

हाताची तर्जनी मुळापासून गेली, तर माणसाची कमाईची ताकद १४ टक्क्यांनी घटली असं भारतीय कायदा धरतो. दोन पेरं गेली तर ११ टक्के, एक पेर गेलं तर ९. हाड शाबूत राहून नुसतं टोक छाटलं गेलं तर ५. मधलं बोट पूर्ण गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. अंगठ्याचे ३० टक्के, आणि एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. हा तक्ता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातून आलेला आहे. लेथवर आणि पॉवर प्रेसवर उभं राहणाऱ्या बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. पण त्यातली एखादी ओळ शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या हातावर त्यांनी पाहिलेली असते.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला माणिकपूर, पूर्वेला नवघर. रुळांच्या दोन बाजूंना असलेल्या या गावांची मिळून एकच नगरपालिका होती. जुलै २००९ मध्ये ती वसई-विरार शहर महापालिकेत विलीन झाली. माणिकपूर हे आता मुख्यतः राहायचं ठिकाण आहे. सेंट मायकल चर्च, अंबाडी रोडवरची दुकानं, जुनी बैठी घरं आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्या. सकाळी आठच्या सुमाराला पुलावरून जी गर्दी पूर्वेकडे निघते, तिच्यात दुचाकीवरचे छोटे कारखानदार असतात, रिक्षात दाटीने बसलेले टर्नर-फिटर असतात आणि डबा घेऊन पायी निघालेले हेल्परही असतात. नवघर, गोखिवरे, गौराईपाडा, वालीव, सातिवली असा तो पट्टा महामार्गापर्यंत पसरला आहे. तिथल्या गाळ्यांत काय बनत नाही? नळाच्या तोट्या, बुश, शाफ्ट, गिअर, बिजागऱ्या, कुकरच्या शिट्ट्या, विजेच्या स्विचच्या आतले पितळी तुकडे. मुंबईत कारखान्यांना जागा परवडेनाशी झाली तसा हा पट्टा भरत गेला.

हा पट्टा एमआयडीसीचा नाही. खासगी विकासकांनी जमिनी घेऊन इंडस्ट्रियल इस्टेटी बांधल्या आणि गाळे विकले किंवा भाड्याने दिले. त्यामुळे एकाच गाळ्यात मालकी तीन ठिकाणी विभागलेली दिसते. गाळा एकाचा, मशिनं दुसऱ्याची, माणसं तिसऱ्या ठेकेदाराची. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

असा एखादा पाच-सातशे चौरस फुटांचा गाळा नजरेसमोर आणावा. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, खांबावरचं ड्रिल, कोपऱ्यात ग्राइंडर आणि दाराजवळ एक जुना प्रेस. मशिनं बहुधा राजकोटची किंवा पंजाबातल्या बटाल्याची, नाहीतर आधीच दोन मालक बघून आलेली. माणसं सहा ते नऊ. मालक स्वतः पूर्वी टर्नर असतो आणि गर्दीच्या दिवसांत तोही मशीनवर उभा राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण सुरक्षिततेच्या चर्चेत मालक म्हणजे काचेच्या केबिनमधला माणूस असं गृहीत धरलं जातं. इथे मालकाची बोटंही जॉब धरून फिरणाऱ्या त्याच चकच्या समोर असतात.

लेथवरचा धोका कळायला थोडं गणित पुरतं. पन्नास मिलिमीटर जाडीचा गोल बार मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला दहा फेरे झाले. एका फेऱ्यात त्याच्याभोवती सुमारे सोळा सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. काहीतरी अडकलं हे लक्षात येऊन हात मागे खेचायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चाळीस सेंटिमीटर कापड आत गेलेलं असतं, म्हणजे मनगटापासून कोपराच्या पुढपर्यंतची पूर्ण बाही. सावध माणूस वाचतो, हा गाळ्यातला सर्वांत पक्का समज इथेच मोडतो.

म्हणून हातमोज्यांचा प्रश्न नीट समजून घ्यावा लागतो. सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरवर हेल्मेट, बूट, गॉगल आणि हातमोजे घातलेला हसरा कामगार असतो. तपासणीच्या यादीतही हातमोज्यांपुढे खूण करायची चौकट असते. पण फिरत्या चकजवळ किंवा ड्रिलच्या बिटजवळ हातमोजा घालणं हा बोट गमावण्याचा सरळ मार्ग आहे. उघडं बोट घासून सुटण्याची शक्यता असते. विणलेल्या मोज्याचा एक धागा बिटमध्ये गेला की मोजा बोटासकट फिरतो. बार उचलताना, पत्रा हाताळताना हातमोजे हवेत आणि मशीन सुरू करताना ते काढून ठेवायला हवेत. धातूची लांब, वळलेली चिप हाताने ओढायची नाही, आकड्याने किंवा ब्रशने बाजूला करायची. हे ज्याला माहीत आहे त्यालाच मशीन माहीत आहे, आणि पोस्टर छापणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

दुसरी वस्तू चकची चावी. जॉब बांधण्यासाठी टी आकाराची ही चावी चकच्या चौकोनी भोकात घालून फिरवतात. जॉब घट्ट बसला की चावी काढायची आणि मग मशीन सुरू करायचं. घाईत ती तशीच राहिली आणि लिव्हर खाली आला, तर पाव-अर्धा किलोचं लोखंड चेहऱ्याच्या उंचीवरून सुटतं. यावर उपाय आहे आणि तो गाळ्यातच तयार होतो. चावीच्या टोकाशी स्प्रिंग बसवली की हाताचा दाब सुटताच चावी आपोआप बाहेर पडते. ती चकमध्ये राहूच शकत नाही. कुठल्याही टर्नरला ही स्प्रिंग बसवता येते. तरीही बहुतेक जुन्या लेथवर साधीच चावी असते.

ग्राइंडरजवळ थोडं अधिक थांबायला हवं, कारण त्याला कोणी धोकादायक मशीन समजतच नाही. टूलला धार लावायला दिवसातून दहा वेळा जो तो तिथे जातो. आठ इंची एमरी व्हील मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरतं, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर असतो. ते फुटलं तर तुकडे त्याच वेगाने निघतात. नियम साधे आहेत. टूल टेकवायची पट्टी व्हीलपासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब नको आणि वरच्या झाकणाची जीभ सहा मिलिमीटरपेक्षा लांब नको. नवं व्हील चढवण्याआधी ते टांगून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकायचं. स्वच्छ नाद आला तर व्हील चांगलं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. व्हीलच्या सपाट बाजूवर घासायचं नाही. व्यवहारात व्हील झिजत जातं, पट्टी मात्र आहे तिथेच राहते. फट वाढत जाते आणि एक दिवस छोटा जॉब त्या फटीत ओढला जातो, त्याच्यामागून बोट.

विजेचा धोका वेगळ्या दिशेने येतो. वीज गेली की मशिनं थांबतात. कामगार त्या वेळात चिप्स साफ करतो, जॉब मोजतो. जुन्या लेथवर आणि ड्रिलवर फॉरवर्ड-रिव्हर्सचं साधं हँडल असेल आणि ते चालू स्थितीतच राहिलं असेल, तर वीज परत येताक्षणी मशीन कोणी हात न लावता सुरू होतं. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवला की ही भीती संपते. वीज गेली की तो सुटतो आणि बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. स्टार्टर नवा नाही, महागही नाही. पण तो बिघडल्यावर वायरमन अनेकदा त्याला बाजूला टाकून थेट जोडणी करून देतो, कारण त्या दिवशीचा माल संध्याकाळी जायचा असतो.

आणि मग दाराजवळचा तो प्रेस.

वसईतच नव्हे, देशात जिथे जिथे पत्रा कापून छोटे भाग बनवले जातात, तिथे सर्वांत जास्त बोटं याच यंत्राखाली जातात. गुरगाव-मानेसर आणि फरिदाबादच्या वाहनउद्योगात जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशन या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढले. पुढे संस्थेने पुण्याच्या पट्ट्यातही काम सुरू केलं. जखमी झालेल्यांपैकी मोठा भाग पॉवर प्रेसवरच्या कामगारांचा होता आणि अनेकांना कामगार राज्य विमा योजनेचं कार्ड अपघात झाल्यानंतर मिळालं होतं, हे त्या अहवालांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. नावं मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्यांची, पण बोटं त्यांच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराच्या शेडमध्ये जात होती.

छोट्या गाळ्यातला प्रेस बहुधा पिन-क्लचचा असतो. वर जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायाने पेडल दाबलं की क्लचची पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि पत्र्यावर आघात करणारा रॅम खाली येतो. एकदा पिन अडकली की पूर्ण फेरा होईपर्यंत हा प्रेस थांबतच नाही. मध्येच पाय काढा, बटण बंद करा, ओरडा. तो खाली येणारच. मिनिटाला साठ स्ट्रोक मारणारा प्रेस असेल तर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. शिवाय पिन किंवा तिची स्प्रिंग झिजली की एक स्ट्रोक झाल्यावर पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येतो. प्रेस डबल मारतो, असं कामगार म्हणतात. तयार भाग उचलायला हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेलेला असतो, नेमका तेव्हाच.

इथे सुरक्षिततेच्या नावाखाली एक घातक चूक होते. ऑडिटमध्ये सांगितलं जातं म्हणून कोणी प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशाचा पडदा, बसवतो. हात आडवा गेला की प्रकाशकिरण तुटतो आणि मशीनला थांबायची आज्ञा जाते. ज्या प्रेसला हवेच्या दाबावर चालणारा क्लच आणि ब्रेक आहे, तिथे हे उत्तम काम करतं. तिथेही हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे येतो असं धरून पडद्याचं अंतर ठरवावं लागतं. प्रेस थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून किमान अठ्ठेचाळीस सेंटिमीटर दूर हवा, वर थोडी भर. पण पिन-क्लचच्या प्रेसला थांबायची सोयच नाही. तिथे लाइट कर्टन लावलं तर दिवा लागतो, आज्ञा जाते आणि रॅम खाली येतो. कामगाराचा मात्र त्या दिव्यावर विश्वास बसलेला असतो. अशा प्रेसला हवं असतं ते डायभोवतीचं बंदिस्त जाळीचं कुंपण, जे लावल्याशिवाय पेडल दाबलंच जाणार नाही. पत्रा आत सरकेल एवढी फट, हात जाणार नाही एवढी लहान. हे कुंपण त्याच गाळ्यात, उरलेल्या पट्ट्यांतून, वेल्डर एका दुपारी तयार करू शकतो.

मग ते का नसतं? कुंपणामुळे नग कमी निघतात, हे पहिलं उत्तर. चिमट्याने उचलायचं, दार लावायचं, मग पेडल. हाताने उचलण्यापेक्षा याला वेळ लागतो. जॉबवर्कचा भाव नगावर असतो आणि तो ठरवताना मोठ्या कंपनीने हाताचाच वेग धरलेला असतो. गार्ड बसवणारा गाळेवाला शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो आणि पुढची ऑर्डर शेजाऱ्याला जाते. दिवसाचं टार्गेट पुरं करायचं म्हणून कामगार स्वतःच गार्ड काढतो हेही खरं आहे. पण ज्या भावात गार्ड बसतच नाही तो भाव देणाऱ्याचं नाव अपघाताच्या कुठल्याच कागदावर येत नाही. परदेशी ग्राहकाचं ऑडिट येतं ते कंपनीच्या मुख्य प्लान्टमध्ये. वालीवच्या गाळ्यापर्यंत कोणी येत नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा सर्वांत आधी माणसं मोजतो.

भारताचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. मुंबईच्या गिरण्यांतल्या परिस्थितीची चौकशी करायला १८७५ मध्ये आयोग नेमला गेला होता, त्यातून तो आला. धोकादायक यंत्रांना कुंपण हवं आणि अपघात कळवला पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला लागू होता. तीन वर्षांनी, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. लोखंडे ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन निघालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते, कारण ती १८९० मध्ये मिळाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर एकोणचाळीस वर्षं लागली.

शंभराचा आकडा पुढे उतरत गेला. १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ मध्ये, कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं कार्यालय स्थापन झालं; आज शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेच्या आवारातून चालणारं कारखाना सल्ला महासंचालनालय त्यातूनच वाढलं. १९४८ चा कारखाना अधिनियम आला तेव्हा वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी आकडा दहावर आला होता. सदुसष्ट वर्षांत शंभरावरून दहा. म्हणजे कायदा हळूहळू का होईना, गाळ्याच्या दाराकडे सरकत होता.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने तो परत उलटा फिरवला. राज्याच्या दुरुस्तीने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहाचे वीस झाले आणि बिनविजेच्या कारखान्यासाठी विसाचे चाळीस. छोट्या उद्योगाला इन्स्पेक्टरच्या जाचातून मोकळं करायचं, असं कारण दिलं गेलं. जाच होता आणि त्याच्या कहाण्या प्रत्येक इस्टेटमध्ये ऐकू येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इन्स्पेक्टर वाईट वागतो म्हणून यंत्राचं कुंपणच ऐच्छिक करून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे. इन्स्पेक्टरची वागणूक सुधारता येते. तुटलेलं बोट पुन्हा उगवत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्याची व्याख्या विसाचीच राहिली, मात्र दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर मालकाची सर्वसाधारण कर्तव्यं आली. नियुक्तिपत्र द्यायचं, चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची, जागा धोक्यापासून मुक्त ठेवायची. सुरक्षा समिती साधारणपणे पाचशे कामगारांच्या कारखान्यालाच बंधनकारक आहे. इन्स्पेक्टरचं नाव बदलून निरीक्षक-नि-सुविधाकार झालं. दहा ते एकोणीस माणसांच्या गाळ्याला यातून काही मिळालं, हे मान्य करायला हवं. नऊ माणसांचा कारखाना मात्र १८८१ मध्ये बाहेर होता, १९४८ मध्ये बाहेर होता आणि आजही बाहेरच आहे. राज्य विमा योजनाही दहापासून सुरू होते. दोन गाळे, दोन नावं, एक नवऱ्याचं आणि एक बायकोचं, आणि दोन्हीकडे नऊ-नऊ माणसं, ही मांडणी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत नवी नाही.

फिरणाऱ्या चकला समोरचा माणूस नववा आहे की विसावा, हे कळत नाही. सुरक्षिततेचा जवळजवळ सगळा कायदा माणसांच्या संख्येवर उभा आहे आणि धोका मात्र पूर्णपणे यंत्रात आहे.

अपघात झाल्यावर काय होतं, हे पाहिलं की याचा अर्थ कळतो. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के दरमहा राज्य विमा महामंडळाकडे जात असतील, तर उपचार मोफत होतात, बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो आणि कायमचं व्यंग राहिलं तर आयुष्यभर मासिक लाभ. नऊच्या गाळ्यात यातलं काही नसतं. तिथे उरतो तो नुकसानभरपाईचा कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्याच्या सूत्रात २०२० पासून महिन्याचं वेतन जास्तीत जास्त १५ हजार धरलं जातं. तीस वर्षांच्या टर्नरसाठी त्याचे ६० टक्के, म्हणजे ९ हजार, गुणिले वयाचा गुणक २०७.९८, हे झाले १८,७१,८२० रुपये. तर्जनी पूर्ण गेली असेल तर त्याचे १४ टक्के, सुमारे २ लाख ६२ हजार. नऊ माणसांच्या गाळेवाल्याने वेगळा विमा काढला नसेल तर ही रक्कम त्याच्या खिशातून जाते. म्हणून ती बहुतेकदा जात नाही. दवाखान्याचं बिल, दोन महिन्यांचा पगार आणि ‘बरा झालास की ये’ एवढ्यावर मिटतं. कामगार परराज्यातला असेल तर तो गावी निघून जातो आणि त्याच्याबरोबर अपघाताची नोंदही.

मालकांनी याच कायद्यातली आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढून टाकलं आणि त्यामुळे जखम झाली, तर मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतीत मालकाला भरपाईतून सुटका मागता येते. पण काढून टाकायला गार्ड मुळात बसवलेला असावा लागतो.

नोंदलेले आकडे या सगळ्याच्या वरच्या थरातले आहेत. २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी हजारावर माणसं मेल्याची सरकारी नोंद आहे. दिवसाला साधारण तीन. नऊ माणसांचा गाळा या मोजणीत येतच नाही. डोंबिवलीत २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा कॅमेरे आले, मंत्री आले, चौकशी लागली. ते योग्यच होतं. बोटांसाठी मात्र कोणी येत नाही, कारण बोटं एकेक करून जातात.

गाळ्यात प्रत्येकाला ठाऊक असायला हवी अशी एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. बोट तुटून वेगळं झालं तर जखमेवर स्वच्छ कापडाने दाब देऊन हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचं तोंड घट्ट बांधावं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, पाण्यात बुडवू नये, पेशी मरतात. बोटांत स्नायू नसल्यामुळे नीट थंड ठेवलेलं बोट हात किंवा पाय यांच्यापेक्षा जास्त तास तग धरतं, तरी जितकं लवकर तितकं चांगलं. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारा शल्यचिकित्सक कुठे आहे याची फोनवर आधी चौकशी करून निघावं. वसईहून मुंबईकडे जाताना महामार्गावर वर्सोवा पुलापाशी अडकलेला तास परत मिळत नाही. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर चिकटवला, तरी एखाद्याचा अंगठा वाचेल.

पेटी बहुतेक ठिकाणी असते. फायर एक्स्टिंग्विशरही असतो, त्यावर तारीख असते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा बॅज येतो. फाइल सल्लागार तयार करून देतो आणि ती फाइल खोटी असते असंही नाही. पण तिच्यात प्रेसचा क्लच कुठल्या प्रकारचा आहे हे लिहायला जागा नसते. ग्राइंडरची फट किती, स्टार्टर थेट जोडलेला आहे का, चावीला स्प्रिंग आहे का, हे कुणी विचारत नाही. हे चार प्रश्न अर्ध्या तासात तपासून होतात आणि गाळ्यातल्या बहुतेक बोटांचं भवितव्य त्यांच्या उत्तरांवर ठरतं.

जुन्या कायद्यात यंत्र विकणाऱ्यापर्यंत पोचणारं एक कलम होतं. कारखाना अधिनियमाच्या कलम २६ ने फिरत्या शाफ्टवरचे उघडे स्क्रू, बोल्ट आणि चाव्या झाकायला सांगितलं आणि तसं नसलेलं यंत्र कारखान्यासाठी विकणाऱ्याला किंवा भाड्याने देणाऱ्यालाही दोषी धरलं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. म्हणजे विचार तेव्हाही सुचला होता: यंत्र बाजारातून निघतानाच सुरक्षित निघावं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने यंत्रांच्या सुरक्षिततेचा एक व्यापक आदेश काढला, ज्यात धातुकामाची यंत्रंही येतात. तो वर्षभरात लागू व्हायचा होता. ती तारीख सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे गेली. तो जसाच्या तसा लागू झाला, तरी नव्या यंत्रांना लागू होईल. वसईतल्या गाळ्यात तीस वर्षांचा प्रेस आणि चाळीस वर्षांचा लेथ आहे. जुन्याचं काय, हा खरा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचं उत्तर नव्या संहितांतच अर्धं लिहिलेलं आहे. धोकादायक किंवा जीवघेण्या कामासाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून एकच कामगार असलेल्या जागेलाही कायदा लागू करू शकतं, आणि तसाच अधिकार राज्य विमा योजनेसाठीही आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेला मालक, बहुसंख्य कामगारांची संमती असेल तर, स्वेच्छेनेही विमा योजनेत येऊ शकतो. पिन-क्लचचा पॉवर प्रेस हे असं काम म्हणून अधिसूचित व्हायला हवं. एक प्रेस, एक माणूस, पण गार्ड आणि विमा दोन्ही सक्तीचे. ही मागणी गाळेधारकांच्या संघटनांनी स्वतः केली तर त्यांचाच फायदा आहे. मग गार्ड नसलेल्या शेजाऱ्याच्या भावाशी कोणाला स्पर्धा करावी लागणार नाही आणि जॉबवर्क देणाऱ्या कंपनीला भाव ठरवताना गार्डचा वेळ धरावा लागेल.

इतके गाळे शोधायचे कुठून, असं विचारलं जातं. महावितरणकडे प्रत्येकाचा पत्ता आहे. गाळ्याला लघुदाब औद्योगिक वीजजोडणी घ्यावीच लागते, मंजूर भार नोंदवावाच लागतो, आणि दर महिन्याला गाळा क्रमांकावर बिल जातं. कामगारांची नोंद नऊवर थांबवता येते, पण मोटरचा अश्वशक्तीचा आकडा लपवता येत नाही. या ग्राहकयादीवरून नवघर आणि वालीवमधल्या मशिनांची गणना करता येईल: किती लेथ, किती प्रेस, त्यांतले किती पिन-क्लचचे आणि त्यांपैकी किती आज कुंपणाशिवाय चालत आहेत.